ऐच्छिक

सातपूरला आम्ही राहायचो त्या ओळीत अठरा घरं होती आणि सगळ्यांचा दिवस कारखान्यांच्या भोंग्यावर चालायचा. सकाळी सातचा भोंगा झाला की आईच्या तव्यावर पहिली भाकरी पडायची. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, हा आमचा नाश्ता. आई सटाण्याजवळच्या खेड्यातली. नाशकात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, तरी पोह्यांना तिनं कधी नाश्ता मानलं नाही. पोहे पाहुण्यांसाठी, असं तिचं स्पष्ट मत होतं. एरवी ती आमच्याशी साधी मराठी बोलायची, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की अहिराणीवर जायची, आणि मग ओळीतल्या टोकाच्या घरापर्यंत कळायचं की सरांच्या घरी काहीतरी झालंय.

सर म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बाकी सगळी ओळ कारखान्यात जाणारी, नाना एकटे शाळेत हिंदी शिकवणारे. त्यांची हिंदी पूर्णपणे पुस्तकातून आलेली होती. त्या हिंदीत त्यांनी कधी भाजी घेतली नव्हती की रिक्षावाल्याशी हुज्जत घातली नव्हती. ओळीत उत्तरेकडची तीन-चार कुटुंबं होती, त्यांच्याशी नाना बोलायला लागले की ती माणसं उगाच हात बांधून उभी राहायची. "आपका स्वास्थ्य कैसा है?" असं विचारल्यावर वेल्डिंगवाले रामअवध भैया नेहमी आधी स्वतःच्या अंगाकडे बघायचे आणि मग "ठीके है, मास्टर जी" म्हणायचे.

मी नानांची एकुलती एक मुलगी आणि त्यांची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. सातवीत असताना मी 'मुलगी फुलं वेचते' याचं हिंदी 'लड़की फूल बेचती है' असं केलं होतं. नानांनी त्याखाली लाल पेनानं लिहिलं, 'बिचारीला बाजारात बसवलंस.' घरी येऊन आईलाही वाचून दाखवलं. आईला त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "वेचते म्हणजे बेचतेच ना?" ती म्हणाली, आणि नाना जेवण अर्धं टाकून तिला समजावत बसले की मराठीतलं वेचणं म्हणजे हिंदीत चुनना, आणि हिंदीतलं बेचना म्हणजे मराठीत विकणं. आई म्हणाली, "मग चुना कशाला म्हणतात ते? भिंतीला लावतात तो?" त्या दिवशी नानांनी हात जोडले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना भाषांतराचं एक काम माझ्याकडे आलं. आमच्या भागातल्या बायका बाळंतपणासाठी शहरातल्या ज्या दवाखान्यात जायच्या, तिथल्या डॉक्टरबाई नानांच्या एका विद्यार्थ्याच्या मावशी होत्या. बाई हुशार, तडफदार, सगळं शिक्षण बाहेर झालेलं. मराठी बायकांना त्या तोंडी समजावून सांगायच्या, पण कारखान्यांमुळे हिंदी बोलणाऱ्या बायकांची गर्दी वाढायला लागली होती आणि त्यांच्याशी बोलताना बाई अडखळायच्या. म्हणून त्यांनी ठरवलं की तपासणीचं कार्ड हिंदीत छापायचं. इंग्रजी कार्ड त्यांच्याकडे तयार होतं. त्यातले शब्द त्यांनी एका फुलस्केपवर काढून नानांकडे पाठवले आणि नानांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. "तू कर. मी तपासीन."

कागद बघून मला हसू आलं होतं. किती सोपे शब्द! चूज, पिक, सिलेक्ट, प्रिफर, ऑप्शन, इलेक्टिव्ह, इदर ऑर. सगळे निवडण्याचेच. बाईंच्या कार्डावर जागोजागी रोग्याला काहीतरी विचारलेलं होतं. तपासणीसाठी सकाळची वेळ हवी की दुपारची, बरोबर नवरा येणार की सासू, गोळ्या हव्यात की इंजेक्शन. मी म्हटलं, एका संध्याकाळचं काम आहे. त्याला पंधरा दिवस लागले.

मराठीत आपण एका 'निवडणं'मध्ये किती गोष्टी भागवतो हे मला तेव्हा कळलं. आई तांदूळ निवडते, भाजी निवडते, पातळ निवडते, आणि लोक पुढारी निवडतात. हिंदीत त्या प्रत्येकाचं घर वेगळं. हे मला नानांच्या शब्दकोशानं नाही, शांती भाभीनं शिकवलं. शांती भाभी म्हणजे त्या रामअवध भैयांची बायको. आमच्यापासून तिसरं घर. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, पण पदर कपाळापर्यंत ओढून बसायची म्हणून मोठी वाटायची. दुपारी सासूचा डोळा लागला की ती आपलं सूप घेऊन आमच्या ओट्यावर यायची, आणि आई आणि ती समोरासमोर बसून तांदूळ निवडायच्या. दोघींना एकमेकींची भाषा चार आणे समजायची आणि गप्पा मात्र बारा आणे व्हायच्या. "भाभी, हे तुम्ही काय करताय, चुन रही हो?" मी विचारलं, तर ती म्हणाली, "चावल चुनते हैं का? बीनते हैं." कपड्यांच्या ढिगातून चांगले बाजूला काढणं म्हणजे छाँटना. साडी पसंत करतात. मुलगीही पसंत करतात, आणि हे सांगताना ती पदरात हसली. "और चुनते क्या हैं फिर?" मी विचारलं. तिनं खडा शोधत जरा विचार केला. "फूल चुनते हैं. और... नेता."

संध्याकाळी नाना यायचे आणि माझ्या वहीतले भाभीचे शब्द खोडायचे. पसंत खोडून 'वरीयता'. छाँटना खोडून 'चयन'. मी म्हणायची, "नाना, वरीयता कुणाला कळणार?" नाना म्हणायचे, "छापील गोष्टीला एक दर्जा असतो. बोलतो तसं लिहायचं असेल तर शाळा कशाला?" मी दुसऱ्या दिवशी भाभीला 'वरीयता' वाचून दाखवायची. ती डोळे मोठे करून विचारायची, "ई कौनो बीमारी है?" मग संध्याकाळी पुन्हा वाद. आई भाजीला फोडणी देता देता ओरडायची की आधी जेवा, मग हिंदी करा. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात जितकं मोठ्यानं बोललं गेलं तितकं आधी कधी बोललं गेलं नसेल, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडत होतं. नानांशी बरोबरीनं भांडता येतं हे मला पहिल्यांदा कळत होतं. कधी मी जिंकायची, कधी ते. वरीयता गेलं, पसंत राहिलं. छाँटना गेलं, चयन राहिलं.

इलेक्टिव्ह या शब्दावर आम्ही एका जेवणापुरतेच थांबलो. कार्डाच्या तळाशी दोन चौकोन होते. ऑपरेशन लागणार असेल तर नर्सनं त्यातल्या एकावर खूण करायची. एका चौकोनापुढे इमर्जन्सी, दुसऱ्यापुढे इलेक्टिव्ह. पहिल्याचं सोपं होतं. दुसऱ्याला नाना म्हणाले, "ऐच्छिक. आपल्या कॉलेजात नाही का, इलेक्टिव्ह विषय म्हणजे ऐच्छिक विषय." मला ते पटलं, पण ऐच्छिकही भाभीसारख्या बाईला कळणार नाही असं वाटून मी हट्टानं पुढे कंसात सोपं करून लिहिलं, 'अपनी मर्जी से'. नानांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, राहू दे." हा एवढा एक शब्द मी भाभीला वाचून दाखवला नाही. एक तर मर्जी तिला कळणार हे मला माहीत होतं, आणि दुसरं म्हणजे तेव्हा ती स्वतः सातव्या महिन्यात होती. ऑपरेशनचं नाव तिच्यापुढे काढायला नको, असं आईनं मला बजावलं होतं. भाभीचं आधीचं बाळंतपण गावाकडच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशननं झालं होतं आणि ते बाळ राहिलं नव्हतं.

कार्डं छापून आली. पिवळसर, जाड, कोपऱ्यात दवाखान्याचं चित्र. नानांनी एक कार्ड फळीवर देवाच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं. आज माझा फोन मला दिवसातून दहा वेळा 'विकल्प चुनें' म्हणतो, बँकेची बाई हिंदीसाठी दोन दाबा म्हणते, आणि ते कुणी लिहिलं याचा विचारही माझ्या मनात येत नाही. पण त्या वेळी आपले शब्द छापलेले बघून मी रात्रभर कार्ड उशाशी घेऊन झोपले होते.

त्यानंतर दीडएक महिन्यानं, एका दुपारी मी कॉलेजातून घरी आले तर आई ओट्यावर उभी. हातात तुळशीची छोटी कुंडी. तोंडभर हसू.

"सुटका व्हयनी तिनी!" आई म्हणाली.

"कुणाची?"

"शांतीची गं. गावी गेली आज. ही तुळस माझ्याकडे देऊन गेली, पाणी घालायला. डॉक्टरीण म्हणत होती ना, पुढच्या गुरुवारी पोट कापू? म्हातारी आठ दिवस रडत होती. पण काल भैयानं कार्ड नीट वाचलं. त्यावर लिहिलंय म्हणे, आपली मर्जी असेल तरच." आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझं कार्ड. किती आशीर्वाद दिले तुला म्हातारीनं."

मला आधी आनंदच झाला, हे कबूल केलं पाहिजे. दोन पायऱ्या चढून मी आत गेले, चपला काढल्या, आणि फळीवरचं ते कार्ड दिसलं. तळाचे दोन चौकोन, इमर्जन्सीचा आणि इलेक्टिव्हचा. मी उभ्या उभ्या विचार केला की ज्या बाईला डॉक्टर दिवस देऊन ऑपरेशनला बोलावतात, तिला मर्जी कसली? कॉलेजात विषय ऐच्छिक असतो, इतिहास घ्या नाहीतर अर्थशास्त्र. इथं दुसरा विषय कुठला होता? मी पुन्हा चपला घातल्या.

"आई, गाडी कितीची?"

"तीनची, नाशिकरोडहून. काय व्हयनं वं? अगं, जेवून तरी..."

मी शाळेपर्यंत पळत गेले. नानांचा तास चालू होता. मुलं मोठ्यानं कविता म्हणत होती. मी दारात उभी राहिल्यावर नानांना वाटलं आईला काही झालं. मी जे काही सांगितलं ते त्यांना अर्धंच कळलं असावं, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खडू ठेवला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन दवाखान्याचा फोन लावला. बाई सुदैवानं जागेवर होत्या. नाना फक्त "हो... हो..." म्हणत होते. मग त्यांनी फोन ठेवला.

"बाळाची वार खाली आलीये म्हणतात, गर्भपिशवीच्या तोंडावरच. कळा सुरू झाल्या तर रक्त थांबत नाही. दिवस भरत आलेत, कुठल्याही क्षणी..." ते थांबले. "इलेक्टिव्ह म्हणजे तो दिवस आपण आधी ठरवायचा, एवढंच. करायचं की नाही, असं नाही." मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं."

रिक्षा मिळाली. रिक्षावाला म्हणाला, "नाशिकरोडला टाईम लागंल सर, मधी रस्ता खोदलेला हाय." नाना म्हणाले, जेवढं जमेल तेवढं लवकर. सातपूरहून नाशिकरोड म्हणजे सगळं शहर ओलांडून पलीकडे. द्वारकेच्या चौकात आम्ही अडकलो तेव्हा पावणेतीन झाले होते. नाना सारखं घड्याळ बघत होते. मला सारखी दिसत होती ती दोन दिवसांची, अनोळखी माणसांनी भरलेली गाडी, आणि तिच्यात खाली चादर टाकून पडलेली भाभी. लिहिताना कंस टाकायला मला किती वेळ लागला होता? पाव मिनिट.

स्टेशनात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. नानांनी तिकीट तपासनिसाला विचारलं आणि तो जे म्हणाला ते ऐकून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. गाडी तासभर लेट होती. आयुष्यात पुढं मी कित्येक गाड्यांच्या नावानं बोटं मोडली, पण गाडी उशिरा येणार म्हणून रडू आलं ते त्या एकदाच.

ती तिघं फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या नळाजवळ बसली होती. भाभी ट्रंकेवर, सासू खाली चटईवर पुऱ्यांचा डबा उघडून, आणि भैया उभे. आम्हाला बघून भैया चकित झाले. "अरे मास्टर जी! आप छोड़ने आए हैं?" सासूनं, सगळे तिला अम्माजी म्हणायचे, मला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवला आणि पुरी पुढं केली.

नानांनी श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. "देखिए, इस पत्रक के अनुवाद में एक गंभीर त्रुटि रह गई है. शल्यक्रिया अनिवार्य है..."

अम्माजीनं मुलाकडे बघितलं. "का कहत हैं?"

भैयांनाही नीट कळलं नव्हतं. नाना पुन्हा तेच, आणखी सावकाश म्हणाले. मग मीच खाली चटईवर बसले.

"अम्माजी, जाना नहीं है. ऑपरेशन कराना पड़ेगा. कार्ड पर गलत लिखा है."

"गलत कइसे? छपा है." तिनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं. आदल्या रात्री मुलानं किती वेळा वाचून दाखवलं असेल! "ई देखो. अपनी मर्जी. मुँह से तो सब डॉक्टर ऑपरेशन ही बोलते हैं. सच बात कागज पर रहती है. हमारी मर्जी नहीं है."

"वो हमने लिखा है, अम्माजी. मैंने."

"तुमने?" ती हसली. "तुम तो लइकी हो."

छापलेलं एखाद्या मुलीनं लिहिलेलं असतं, हे तिला खरंच वाटेना. मी तिची समजूत कशी घालू? बाईंनी सांगितलेलं सगळं, ती वार, ते रक्त, भाभीसमोर बोलायची मला भीती वाटत होती. मी भाभीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हा मला तिनंच ओट्यावर बसून सांगितलेलं तिचं गाव आठवलं, आणि तिच्या सासूच्या हाताखाली सगळं शेत कसं चालतं ते.

"अम्माजी, धान पकता है तो कौन बताता है, किस दिन काटना है?"

"हम बताते हैं. और कौन?"

"आप दिन चुनती हैं. सोमवार को काटो, मंगल को काटो. पर काटना है कि नहीं, ये कोई पूछता है?"

तिनं कार्डावरचं बोट उचललं.

"डॉक्टरनी जी ने भी दिन चुना है. बस, दिन. काटना तो पड़ेगा. नहीं काटा तो..." पुढचं मला बोलवेना. मी नानांच्या खिशातलं पेन घेतलं, तिच्या हातातल्या कार्डावरचा तो कंस आणि त्यामागचा शब्दही खोडला आणि तिथंच वर लिहिलं, 'दिन ठहरा के. जरूरी है.' भैयांनी ते मोठ्यानं वाचलं.

"रिजर्वेशन हो चुका है," भैया पुटपुटले. "छुट्टी भी..."

तेव्हा नानांनी एक गोष्ट केली जी मी आधी कधी बघितली नव्हती. ते त्या म्हातारीपुढे खाली बसले, हात जोडले, आणि अगदी बाजारातल्या हिंदीत, तुटकपणे म्हणाले, "गलती हमारा है, अम्मा. बच्ची का नहीं. हम मास्टर है, हमको मालूम होना मंगता था. बहू को गाड़ी में मत बिठाओ."

त्या वाक्यात व्याकरणाच्या चार चुका होत्या. अम्माजीला पहिल्यांदाच त्यांचं बोलणं पूर्ण कळलं. ती नानांकडे, मग कार्डाकडे, मग मुलाकडे बघत राहिली, आणि कुणी काही बोलायच्या आत ट्रंकेवरून भाभीचा आवाज आला. पदर तसाच होता, पण आवाज स्पष्ट होता.

"हम ना जाइब, अम्मा."

सासूसमोर ती इतकं मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बहुधा अम्माजीनंही नसेल. म्हातारीनं पुऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं, ते दोनदा दाबून बघितलं, आणि मुलाला म्हणाली, "ट्रंक उठाओ."

एका रिक्षात पाच माणसं आणि एक ट्रंक अशी आमची वरात दवाखान्यात गेली. रिक्षावाल्यानं प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवली, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं तरी. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भाभीला लगेच आत घेतलं आणि गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, उद्या सकाळीच करू, असं सांगितलं. भैया आणि त्यांच्या कारखान्यातले दोघं रक्त द्यायला गेले. अम्माजी बाकावर पाय दुमडून बसली आणि मी तिच्या शेजारी. तिनं माझा हात धरून ठेवला होता, तरी ती माझ्यावर रागावली आहे की नाही हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. आईनं डाळीचं पाणी आणि मऊ भात करून दिला होता, जणू भाभी लगेच जेवणार होती. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं. नाना भिंतीवरची लसीकरणाची पाटी परत परत वाचत होते. कुठूनतरी लहान बाळाचं रडणं आलं आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो, पण ते वरच्या मजल्यावरचं निघालं. मग बराच वेळ काही नाही. भैया खिडकीच्या गजाला कपाळ लावून उभे होते.

दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हिरव्या कोटावर रक्त होतं. बरंच. बाईंनी तोंडावरचं फडकं खाली केलं आणि त्या हसत होत्या.

"लड़की है," त्या म्हणाल्या. "दोनों ठीक हैं." नंतर नानांकडे वळून मराठीत म्हणाल्या, "चांगलं झालं आणलंत. आत गेल्यावर बघितलं, चार दिवससुद्धा निघाले नसते. गाडीत असती तर..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं.

अम्माजी उठली. मला वाटलं आत जाईल, पण ती माझ्यासमोर आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि "पगली" एवढंच म्हणून रडायला लागली. मीही. भैया तिथंच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हसत राहिले.

दुपारी बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं. मी ओरडा खायच्या तयारीनं गेले. त्यांनी कार्डांचा सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला. "मी तुला नुसते शब्द पाठवले," त्या म्हणाल्या. "ते कुठे आणि कशासाठी वापरते ते सांगायला हवं होतं. आणि तू विचारायला हवं होतंस." मग त्यांनी वही काढून बघितलं. त्या चौकोनावर खूण केलेलं कार्ड आणखी दोनच बायकांना गेलं होतं, आणि त्या दोघी वॉर्डातच होत्या, एकीचं झालं होतं आणि एकीचं होणार होतं. बाईंनी ते सांगितल्यावर माझ्या छातीवरचं उरलेलं ओझं उतरलं. आम्ही दोघींनी मिळून प्रत्येक शब्द पुन्हा वाचला. बाई अर्थ सांगायच्या, मी हिंदी करायची, आणि मग शेजारच्या वॉर्डात जाऊन खाटेवरच्या एखाद्या बाईला वाचून दाखवायची. तिनं आपल्या शब्दांत मला उलट सांगितलं आणि ते बरोबर निघालं, तरच पुढं जायचं. पुढं तीस वर्षं मी भाषांतराचंच काम केलं. औषधांची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज, यंत्रांच्या सूचना. ती उलट विचारण्याची सवय सुटली नाही. त्यामुळे काम माझं नेहमी उशिरा व्हायचं आणि माणसं वैतागायची. वैतागू देत.

संध्याकाळी भाभी शुद्धीवर आली. काचेतून मी तिला बघितलं, कुशीत लाल दुपट्यातलं ते एवढंसं गाठोडं होतं. तिनं मला खुणेनं आत बोलावलं, पण नर्स सोडेना. तिनं बाळाचा हात दुपट्यातून बाहेर काढून माझ्याकडे हलवला. बाळ झोपेतच होतं.

मी आणि नाना घरी निघालो. सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मोठ्या एसटी स्टँडवर येऊन त्र्यंबकच्या गाडीत बसलो, ती सातपूरवरून जाते. नाना खिडकीशी. गाडी सुटायच्या आधी ते म्हणाले, "अम्माशी मी काय बोललो काल? हमारा है म्हणालो का? हमारी है म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "आणि मंगता था!" मग ते हसायला लागले, आधी गालातल्या गालात, मग चष्मा काढून, डोळे पुसत. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. नानांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मलाही हसू आवरेना.

गाडी चालू झाली तशी त्यांची मान कलायला लागली. आदल्या रात्री ते झोपले नव्हते, मला माहीत होतं. थोड्याच वेळात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, तोंड किंचित उघडं, हातात चष्मा तसाच. मी त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सातपूर आलं. चार-पाच माणसं उतरली. भोंगा झाला होता की व्हायचा होता कोण जाणे, रस्त्यावर सायकलींची गर्दी होती. मी हलले नाही. गाडी पुढं निघाली, कारखाने मागं पडले, आणि खिडकीतून शेतांचा गार वारा यायला लागला.

कंडक्टर तिकिटं बघत आला, आमची सातपूरची बघून थबकला. "ताई, सातपूर गेलं की मागं. उठवायचं नाही का?"

"झोपू द्या," मी हळूच म्हटलं. "आता त्र्यंबकची दोन द्या."